ठिसूळ हाडं आणि त्यावरची औषधं: सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हाडं ठिसूळ झालीत म्हटलं की कॅल्शियमची गोळी सुरू होते आणि बहुतेक घरांत विषय तिथेच संपतो. खरी औषधं वेगळी आहेत आणि ती चांगली काम करतात. मात्र ती घेण्याच्या पद्धतीत चूक झाली किंवा मध्येच कुणाला न विचारता बंद केली, तर फायदा जातो. एका औषधाच्या बाबतीत तर नुकसान होतं. इथल्या उत्तरांचा भर त्यावरच आहे. तुमच्यासाठी कुठलं औषध योग्य, हे तुमचे रिपोर्ट पाहून डॉक्टरच ठरवतील.

गुडघे आणि कंबर दुखते. म्हणजे हाडं ठिसूळ झालीत का?

बहुधा नाही. गुडघेदुखी ही सांध्याची झीज, तो वेगळा आजार. हाडं ठिसूळ होण्याच्या आजारात, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसमध्ये, हाड मोडेपर्यंत काहीच दुखत नाही, म्हणून तर तो लक्षात येत नाही. हाडात जुना भाग खणून काढणं आणि नवा भरणं हे काम आयुष्यभर चालू असतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, खणण्याचा वेग वाढतो आणि भरणं मागे पडतं. मग मनगट, पाठीचा मणका किंवा खुबा साध्या पडण्याने मोडतो. मणका तर वाकून बादली उचलतानाही दबतो.

म्हणून या औषधांनी गुडघेदुखी थांबेल ही अपेक्षा ठेवू नका. 'सहा महिने गोळ्या घेतल्या, गुडघा तसाच आहे' म्हणून औषध सोडणारे पुष्कळ असतात.

पाठ अचानक जोरात दुखायला लागली, उभं राहिलं की वाढते आणि आडवं झालं की कमी होते, किंवा तरुणपणापेक्षा उंची ४ सेंमीहून अधिक घटली, पाठीला बाक आला, तर मात्र मणका दबल्याची शंका घ्या. मणक्याचा साधा एक्स-रे बाजूने काढला की ते दिसतं.

कुणी तपासणी करून घ्यावी?

६५ वर्षांवरच्या सगळ्या बायकांनी. पाळी गेलेल्या, पण ६५ पूर्ण न झालेल्या बायकांपैकी ज्यांना आणखी एखादं कारण आहे त्यांनी: वजन फार कमी, आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडलेला, तंबाखू, पन्नाशीनंतर किरकोळ पडण्याने हाड मोडलेलं, संधिवात (आमवात), थायरॉइड वाढलेलं, मधुमेह.

दोन कारणं आपल्याकडे नेमकी नजरेतून सुटतात. पहिलं, पिशवी काढण्याचं ऑपरेशन. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं पस्तिशी-चाळिशीत काढली असतील तर हाडांची झीज त्या दिवसापासून सुरू होते. ऑपरेशनचा कागद शोधा आणि अंडाशयं काढलीत की ठेवलीत ते डॉक्टरांकडून वाचून घ्या. दुसरं, स्टिरॉइड. प्रेडनिसोलोन रोज २.५ मिग्रॅ किंवा त्याहून अधिक, तीन महिन्यांपेक्षा जास्त घेतलं असेल तर हाडांचा विचार व्हायलाच हवा. दम्याच्या किंवा आमवाताच्या चिठ्ठीवर ते लिहिलेलं तरी असतं. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत काय असतं ते कुठेच लिहिलेलं नसतं. पुडी घेतली की दोन दिवसांत घोड्यासारखं चालता येतं आणि चेहरा मात्र गोल व्हायला लागतो, अशी पुडी असेल तर तीच डॉक्टरांना नेऊन दाखवा. वर्षानुवर्षं घेत असाल तर एका दिवसात बंद करू नका. अंगातलं स्वतःचं स्टिरॉइड तयार होणं थांबलेलं असतं आणि माणूस कोसळू शकतो.

पुरुषांनाही हा आजार होतो. सत्तरीवरचे, रोज दारू घेणारे आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी हार्मोनची इंजेक्शनं चालू असणारे पुरुष यात येतात.

शिबिरात टाचेवर मशीन लावून 'हाडं ठिसूळ' असं सांगितलं. औषध सुरू करायचं का?

नाही. टाचेवरची ती अल्ट्रासाउंड चाचणी असते, तिच्या आकड्यावर निदान होत नाही. शंका घेण्यापुरती ती ठीक आहे. खरी तपासणी डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजणारा खास एक्स-रे. तीत कंबरेचे मणके आणि खुबा मोजतात. दहा-पंधरा मिनिटं आडवं पडायचं, दुखत नाही, आणि किरणोत्सर्ग साध्या एक्स-रेपेक्षाही कमी. आधीचे २४ तास कॅल्शियमची गोळी घेऊ नका आणि नुकताच बेरियम किंवा रंग टाकून स्कॅन झाला असेल तर तसं सांगा.

साध्या एक्स-रेवर 'हाड विरळ दिसतंय' असा शेरा असेल तर साधारण तिसरा हिस्सा हाड आधीच गेलेलं असतं. तेव्हा एक्स-रे बरा आला म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

डेक्साचा रिपोर्ट कसा वाचायचा?

'टी-स्कोअर' पाहा. निरोगी तरुण माणसाच्या हाडाच्या तुलनेत तुमचं हाड किती कमी, ते हा आकडा सांगतो. उणे १ किंवा त्याहून वर असेल तर हाड ठीक. उणे १ आणि उणे २.५ यांच्या मधे असेल तर विरळ व्हायला लागलंय, याला ऑस्टिओपेनिया म्हणतात. उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. खुबा आणि कंबर यांत जो आकडा सर्वांत वाईट तो धरायचा.

पण आकडा सर्वस्व नाही. खुबा किंवा मणका किरकोळ कारणाने मोडलेला असेल तर टी-स्कोअर काहीही असो, ऑस्टिओपोरोसिस आहेच आणि औषध लागणार. मधल्या गटात असाल तर डॉक्टर 'फ्रॅक्स' हे गणित वापरतात. पुढच्या १० वर्षांत हाड मोडण्याची शक्यता त्यातून निघते आणि त्यात भारतासाठी वेगळा पर्याय आहे. वयस्कर माणसाच्या कंबरेत झीज होऊन हाडाचे काटे वाढलेले असतात, त्यामुळे तिथला आकडा खोटाच चांगला दिसतो. अशा वेळी खुब्यावर विश्वास ठेवा. मधुमेहींमध्येही डेक्सा खऱ्या धोक्यापेक्षा बरा आकडा दाखवतो.

औषधाआधी रक्ताच्या एवढ्या तपासण्या कशाला?

कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनीन, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन-ईएसआर एवढं पुरतं. क्रिएटिनीनवरून मूत्रपिंडाला औषध झेपेल का ते कळतं. कॅल्शियम कमी असताना इंजेक्शन दिलं तर ते आणखी खाली जातं. कॅल्शियम जास्त निघालं तर पॅराथायरॉइड ग्रंथी तपासायला हवी. हिमोग्लोबिन कमी, ईएसआर खूप आणि मणका दबलेला, असं एकत्र दिसलं की डॉक्टर मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरची तपासणी सांगतात. ती टाळू नका.

रोज कडक भाकरी आणि शेंगा चटणी खातो. कॅल्शियम पुरत नाही का?

पुरत नाही. दिवसाला मोठ्या माणसाला १००० आणि पाळी गेलेल्या बाईला १२०० मिग्रॅ कॅल्शियम लागतं. ज्वारी बाकी सगळ्या गुणांनी उत्तम, पण १०० ग्रॅम पिठात जेमतेम ३० मिग्रॅ कॅल्शियम असतं. तीन भाकऱ्या खाल्ल्या तरी ५०च्या आसपासच. शेंगदाण्यांतही फारसं नाही. शेंगा चटणी चवीसाठी खा, हाडांच्या हिशेबात धरू नका.

हिशेबात धरायचं ते असं: पेलाभर म्हशीचं दूध २०० ते २५० मिग्रॅ, वाटीभर दही जवळपास तेवढंच, नाचणीची एक भाकरी साधारण १४०, सालासकट तिळाचा एक मोठा चमचा १००. तीळ पॉलिश केलेले पांढरेशुभ्र असतील तर सालाबरोबर कॅल्शियमही गेलं. भोगीला बाजरीच्या भाकरीला तीळ लावतात, ती सवय वर्षभर ठेवायला हरकत नाही. शेवग्याचा पाला आणि राजगिऱ्याची भाजीही चांगली. पालकात कॅल्शियम असतं, पण ऑक्सलेट ते आतड्यात बांधून ठेवतं. ताक प्यायचं तर घट्ट प्या. उन्हाळ्यात तांब्याभर पाण्यात दोन चमचे दही घुसळून केलेल्या ताकाने तहान भागते, कॅल्शियम नाही.

कॅल्शियमची गोळी कुठली आणि कधी?

आहारात जेवढं कमी पडतं तेवढंच गोळीतून, बहुतेकांना रोज ५०० मिग्रॅ. स्ट्रिपवर 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ' लिहिलेलं असतं, त्यात शुद्ध कॅल्शियम ५०० मिग्रॅ असतं. दुसरा आकडा पाहायचा. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्या, कारण त्याला पोटातलं आम्ल लागतं. पॅन्टोप्रॅझोलसारखी पित्ताची गोळी रोज चालू असेल तर सिट्रेट घ्या, ते कधीही चालतं. थायरॉइडच्या गोळीपासून ४ तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळी वेगळ्या वेळी. जनऔषधी केंद्रातली कॅल्शियम-डी३ची स्वस्त गोळी तेवढीच कामाची.

आणि हे स्पष्टच सांगायला हवं: टी-स्कोअर उणे ३ असताना नुसतं कॅल्शियम घेणं म्हणजे उपचार नव्हे.

सोलापुरात एवढं ऊन, तरी 'ड' जीवनसत्त्व कमी कसं?

ऊन रस्त्यावर असतं, माणूस घरात. विड्या वळणारी बाई दिवसभर सूप मांडीवर घेऊन आत बसते, यंत्रमागावरचा कामगार शेडमध्ये असतो, आणि बाहेर पडताना डोक्यावर पदर किंवा स्कार्फ, हातात मोजे. कामाची किरणं सकाळी ११ ते दुपारी २ या वेळात मिळतात. एप्रिल-मे महिन्यांत त्या वेळी उन्हात उभं राहा असं कुणीही शहाणा माणूस सांगणार नाही. हिवाळ्यात हात आणि चेहरा उघडा ठेवून १५-२० मिनिटं बसणं जमतं, बाकी गोळीवर भागवावं.

रक्तात २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असेल तर सहसा ६०,००० युनिटचं पाकीट किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, ८ आठवडे, आणि नंतर महिन्यातून एकदा देतात. घोळ इथे होतो: आठवड्याची पुडी रोज घेतली जाते किंवा ८ आठवड्यांनंतरही तशीच चालू राहते. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मळमळ, बद्धकोष्ठ, फार लघवी, गोंधळलेपण आणि मूत्रपिंडाला इजा. एकदाच लाखांचा डोसही चांगला नाही. ऑस्ट्रेलियात म्हाताऱ्या बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट देऊन पाहिलं (२०१०), तर त्यांचं पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं.

मुख्य औषधं कुठली?

दोन जातींची. हाड खणणं थांबवणारी: अलेंड्रोनेट (७० मिग्रॅ, आठवड्याला एक गोळी), रिसेड्रोनेट (३५ मिग्रॅ, आठवड्याला), इबान्ड्रोनेट (१५० मिग्रॅ, महिन्याला), झोलेड्रोनिक ॲसिड (५ मिग्रॅ, वर्षातून एकदा सलाईनमधून) आणि डेनोसुमॅब (६० मिग्रॅ, दर सहा महिन्यांनी कातडीखाली). नवं हाड तयार करणारं: टेरिपॅराटाइड (२० मायक्रोग्रॅम, रोज टोचून). रोमोसोझुमॅब दोन्ही कामं करतं, महिन्यातून एकदा, १२ महिने; पण गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्यांना ते देत नाहीत. रॅलॉक्सिफेन मणक्याला उपयोगी, खुब्याला नाही, आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढवतं.

साध्या रुग्णाला सुरुवात अलेंड्रोनेटने करावी असं आमचं मत. स्वस्त आहे, जुनं आहे, आणि मणका व खुबा दोन्हींचं मोडणं साधारण निम्म्यावर आणतं. मणके दोन-तीन दबलेले असतील किंवा टी-स्कोअर फारच खाली असेल तर आधी टेरिपॅराटाइड आणि मग खणणं थांबवणारं औषध, हा क्रम चांगला.

आठवड्याची गोळी घ्यायची नेमकी पद्धत काय?

सगळी गंमत इथे आहे. अलेंड्रोनेट अगदी उपाशीपोटी घेतलं तरी शंभरातला एक भागसुद्धा रक्तात जात नाही. त्यात दूध घातलेला चहा गेला की उरलेलंही बांधलं जातं. म्हणजे उठल्याबरोबर चहा आणि त्याबरोबर गोळी असं वर्षभर केलं, तर वर्षभराचे पैसे गटारात.

सकाळी उठा, चूळ भरा. भरलेला पेला साधं पाणी घ्या, निदान २०० मिली. बोअरचं पाणी क्षारांचं असतं, म्हणून नळाचं किंवा फिल्टरचं घ्या. बसून किंवा उभं राहून गोळी अख्खी गिळा. चघळू नका, चुरू नका, तोंडात विरघळवू नका. पेला पूर्ण संपवा. त्यानंतर ३० मिनिटं (इबान्ड्रोनेटला ६० मिनिटं) आडवं व्हायचं नाही, वाकून झाडू-पोतेरं नाही, चहा नाही, दुसरी कुठलीही गोळी नाही. फिरायला जाणं सर्वांत सोपं. मग चहा आणि न्याहारी. न्याहारी झाल्याशिवाय परत अंथरुणात नको. कॅल्शियम त्या दिवशी दुपारी किंवा रात्री.

गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. पाणी आणि सरळ बसणं त्यासाठी.

वार एकच ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. पुष्कळ जण सोमवार धरतात, सिद्धेश्वराचा उपवास असतो म्हणून उशिरापर्यंत पोट रिकामंच राहतं. पण निर्जळी उपवास करत असाल तर तो वार धरू नका. घोटभर पाण्याबरोबर गोळी घेण्यापेक्षा न घेतलेली बरी.

थायरॉइडची गोळीही सकाळी उपाशीपोटी असते, तेव्हा त्या एका दिवशी आधी अलेंड्रोनेट, अर्ध्या तासाने थायरॉइडची, आणखी अर्ध्या तासाने चहा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन न्याहारीच्या वेळी, अलेंड्रोनेटनंतरचा अर्धा तास संपण्याआधी नाही.

गोळी विसरली तर?

आठवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या आणि पुढची आपल्या ठरलेल्या वारी. एका दिवशी दोन कधीच नाही.

छातीत जळजळते. गोळी बंद करू?

आधी वरची पद्धत नीट होतेय का पाहा, बऱ्याचदा दोष तिथेच सापडतो. पण गिळताना दुखत असेल, घास अडकत असेल किंवा छातीच्या मधोमध दुखत असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना भेटा. अन्ननलिकेचा आधीचा आजार असेल, अर्धा तास सरळ बसणं शक्य नसेल किंवा क्रिएटिनीन क्लिअरन्स (मूत्रपिंड किती काम करतंय ते सांगणारा आकडा) ३५ च्या खाली असेल तर ही गोळी द्यायचीच नसते. अशांपैकी ज्यांचं मूत्रपिंड चांगलं आहे त्यांना वर्षाचं सलाईन बरं.

वर्षातून एकदाचं सलाईन घेतल्यावर ताप येतो म्हणतात. खरं का?

खरं आहे, विशेषतः पहिल्या वेळी. पहिल्या तीन दिवसांत थंडी-ताप, अंगदुखी येते आणि आपोआप जाते. पॅरासिटामॉल चालतं. पुढच्या वर्षी हा त्रास बराच कमी होतो.

आधीच्या काही दिवसांतलं क्रिएटिनीन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पाहिलेलं असावं. त्या दिवशी उपाशी जाऊ नका. जाण्याआधी दोन पेले पाणी प्या. उन्हाळ्यात बार्शी-अक्कलकोटहून एसटीने घामाघूम होऊन आलेल्या माणसाने आधी पाणी पिऊन थोडं बसावं. अंगात पाणी कमी असताना हे औषध दिलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. सलाईन निदान १५ मिनिटं चालायला हवं. घाईने सोडत असतील तर हळू करायला सांगा. दुकानातून औषध आणताना ५ मिग्रॅ आहे ना ते पाहा. ४ मिग्रॅची कुपी कॅन्सरच्या रुग्णांसाठी असते. डोळा लाल होऊन दुखायला लागला तर डोळ्यांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

सहा महिन्यांचं इंजेक्शन (डेनोसुमॅब) दोनदा घेतलं, आता बरं वाटतंय. पुढचं नाही घेतलं तर चालेल?

चालणार नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. अलेंड्रोनेट हाडात वर्षानुवर्षं साठून राहतं, त्यामुळे बंद केल्यावरही असर काही काळ टिकतो. डेनोसुमॅब तसं राहत नाही. धरणाचा दरवाजा एकदम उघडावा तशी थांबलेली झीज उसळून सुरू होते, कमावलेलं हाड वर्षभरात जातं आणि काहींचे एकाच वेळी दोन-तीन मणके दबतात.

म्हणून तारीख चुकवू नका. आधीच्या इंजेक्शनपासून ७ महिन्यांच्या पुढे तर जायचंच नाही. पैशाची अडचण असेल, परगावी जायचं असेल, तर आधी सांगा. त्याच्या जागी झोलेड्रोनिक ॲसिड किंवा अलेंड्रोनेट सुरू करून मगच हे बंद करता येतं. 'दोन डोस घेऊन बघू' या विचाराने हे औषध सुरूच करू नये.

मूत्रपिंड बिघडलेलं असताना हे देता येतं हा त्याचा गुण. पण डायलिसिसच्या रुग्णांत कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२४ मध्ये याबद्दल सर्वांत कडक इशारा दिला. ओठांभोवती मुंग्या, हाताची बोटं आखडणं, झटके अशी लक्षणं दिसली तर ताबडतोब दवाखान्यात.

रोज टोचायचं पेन उन्हाळ्यात कसं सांभाळायचं?

टेरिपॅराटाइडचं पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवतात. फ्रीझरमध्ये किंवा बर्फाच्या कप्प्याला टेकवून नको, गोठलं तर फेकून द्यावं लागतं. फ्रिजच्या दारातही नको. दार सारखं उघडतं आणि बाहेर ४३ अंश असतात. मधल्या फळीवर डब्यात ठेवा. टोचून झालं की सुई काढून टोपण लावा आणि लगेच परत आत. पहिल्यांदा वापरल्यापासून २८ दिवसांनी उरलेलं औषध टाकून द्यायचं. सुरू केल्याची तारीख पेनवर लिहून ठेवा. दुकानातून घरी आणताना थर्मासच्या डब्यात बर्फाची पिशवी आणि मधे कापड. वीज काही तास गेली तर फ्रिज उघडू नका.

मांडीत किंवा पोटावर टोचायचं, रोज जागा बदलून. पहिले काही डोस बसून घ्या, चक्कर येते. साधारण दोन वर्षांपर्यंत देतात आणि संपल्यावर लगेच दुसरं औषध सुरू करावं लागतं, नाहीतर कमावलेलं जातं. हाडाचा कॅन्सर झालेल्यांना किंवा हाडांवर रेडिएशन घेतलेल्यांना हे देत नाहीत.

या औषधांनी जबडा सडतो असं व्हॉट्सॲपवर आलंय.

जबड्याचं हाड उघडं पडून न भरणं हा दुष्परिणाम खरा आहे, पण ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला फार विरळ: दहा हजार ते लाख रुग्णांत वर्षाला एखाद्याला. कॅन्सरसाठी हीच औषधं कितीतरी जास्त डोसमध्ये देतात, तिथे तो जास्त दिसतो. निरोप तिथून फिरत आलेला असतो.

धोका वाढतो तो दात खराब असताना काढल्याने. आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या बायका पुष्कळ. हिरड्या सुजलेल्या आणि दात हलणारे असतात. त्यांनी औषध सुरू होण्याआधी दंतवैद्याला दाखवून जे दात काढायचे ते काढून घ्यावेत, जखम भरू द्यावी, मग औषध. मशेरी सोडली तर हाडांचा आणि तोंडाचा दोन्हींचा फायदा. औषध चालू असताना दात साफ करणं, रूट कॅनॉल, कवळी यांना हरकत नाही. दात काढायचा असेल तर दोन्ही डॉक्टरांना आधी सांगा.

औषध किती वर्षं?

गोळी ५ वर्षं, सलाईन ३ वर्षं, मग पुन्हा हिशेब. धोका कमी झाला असेल तर काही काळ सुट्टी देतात. खुबा किंवा मणका मोडलेला असेल, टी-स्कोअर अजून खाली असेल, तर गोळी १० आणि सलाईन ६ वर्षांपर्यंत चालू शकतं. ही सुट्टी फक्त या दोघांना. डेनोसुमॅबला सुट्टी नाही, ते वर आलंच.

फार वर्षं घेतल्यावर क्वचित मांडीचं हाड मधोमध आडवं मोडतं. त्याआधी काही आठवडे मांडीत किंवा जांघेत ठणक असते. तशी ठणक आली तर मलम चोळत बसू नका, दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढा.

औषध लागू पडतंय हे कसं कळणार?

नवं हाड मोडलं नाही यावरून. डेक्सा दीड-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच मशीनवर. पुण्यात एक आणि सोलापुरात दुसरा काढून तुलना केली तर फसगत होते. आकडा आहे तिथेच राहिला तरी ते यश समजायचं, कारण औषधाविना तो खाली गेला असता. तीन-चार टक्क्यांचा फरक मशीनच्या चुकीतही येतो.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आता हाडाला सळई घातली, मग औषध कशाला?

सळईने मोडलेलं हाड जोडलं, बाकीची हाडं तशीच आहेत. एक खुबा मोडल्यावर दुसरा मोडण्याचा धोका पुढची एक-दोन वर्षं सर्वांत जास्त, आणि नेमकं तेव्हाच डिस्चार्ज कार्डावर हाडांचं औषध लिहिलेलं नसतं. २००७ मधल्या मोठ्या अभ्यासात खुब्याच्या ऑपरेशननंतर वर्षाला झोलेड्रोनिक ॲसिड दिल्यावर नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. ऑपरेशननंतर दोन आठवडे जाऊ द्यायचे आणि ड जीवनसत्त्व भरून काढायचं. टाके काढायला जाल तेव्हा स्वतःहून विचारा, मग ते सिव्हिल असो की खासगी.

मुतखडा होऊन गेलाय. कॅल्शियम चालेल?

आहारातलं कॅल्शियम चालतं, ते बंद केल्याने खडे उलट वाढू शकतात. गोळी मात्र डॉक्टरांना विचारून, जेवणाबरोबरच. आपल्या उन्हात खडा होतो तो मुख्यतः पाणी कमी प्यायल्याने.

कुठली कामं टाळायची, कुठला व्यायाम करायचा?

पाणी काही दिवसांआड येतं आणि आलं की घागरी, बॅरल, बादल्या भरण्याची धांदल उडते. मणके दबण्याचा तोच दिवस. कमरेत वाकून भरलेली घागर उचलणं हाच सर्वांत वाईट प्रकार. नळाला लांब पाइप लावून थेट बॅरल भरा. घागर उचलायचीच तर अर्धी, गुडघ्यात बसून, अंगाशी धरून. गादीवर पुढे झुकून पाय धरणारी आसनं, सूर्यनमस्कार आणि कंबर पिळणारे प्रकार मणके ठिसूळ असणाऱ्यांनी सोडावेत.

करायचं ते: रोज अर्धा तास चालणं, हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा वर उचलणं, आधाराला हात ठेवून एका पायावर उभं राहणं. पोहणं चांगलं, पण हाडाला त्यातून भार मिळत नाही.

मोरीतली शहाबादी फरशी शेवाळली की बर्फ. ती आठवड्याला घासा, भिंतीला धरायचा दांडा बसवा, उंबऱ्याजवळ रात्री दिवा ठेवा. झोपेची गोळी आणि रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली की रात्री उठताना मिनिटभर कडेला बसून मग उभं राहायचं.

आषाढीला पंढरपूरला पायी जायचंय. जमेल का?

मणका नुकताच दबलेला नसेल आणि रोजची चालण्याची सवय असेल तर चालण्याला बंदी नाही. पाठीवर पिशवी नको, सामान गाडीत. काठी आणि मागे पट्टा असलेली चप्पल घ्या, पावसात चिखलावर घसरून मनगट मोडतं. आठवड्याच्या गोळीचा वार वाटेत येत असेल तर ती मुक्काम सोडताना घेऊन चालायला लागा, अर्ध्या तासाने पहिल्या थांब्यावर चहा. तेवढं पाणी आणि निवांतपणा मिळणार नाही असं वाटलं, तर त्या आठवड्याची गोळी घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. पेन टोचणाऱ्यांनी मात्र ते थंड कसं ठेवणार हे ठरल्याशिवाय निघू नये.